उजवीकडची खोच

सालोमीला मर्लिनचा अजिबात मत्सर वाटत नव्हता. हे ती नवऱ्याला दिवसातून चार वेळा सांगायची. केळीला पाणी सोडताना, भाकरी थापताना, देवळातून मिस्सेची प्रार्थना करून परतताना. थॉमसने एकदाही विचारलेलं नसायचं. तो वाडीत रमणारा माणूस, बोलणं मोजकं. तो आपला म्हणायचा, "बरं."

"मी कशाला जळू? झाली सरपंच तर झाली. देव तिचं भलं करो."

"बरं."

"पण बारा वर्षं महिला मंडळ कोन चालवतंय? मी. डंपरच्या पुढे कोन उभं राहिलं? मी. ती तेव्हा मुंबईला ऑफिसात पंख्याखाली बसली होती."

यावर थॉमस फावडं उचलून पानवेलींकडे निघून जायचा. बायकोच्या पोटात दुखतंय हे त्याला कळत होतं, आणि या दुखण्यावर ओवा चालत नाही हेही ठाऊक होतं.

गिरीज गावातल्या बावखलआळीची ही गोष्ट. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. त्याच्या पाझरावर आजूबाजूच्या विहिरी आणि केळी जगतात. आळीला ज्याच्यावरून नाव पडलं ते मोठं बावखल सत्त्याण्णवच्या मे महिन्यात कुणा बिल्डरने मातीचे डंपर ओतून निम्मं बुजवलं. सालोमी दहा-बारा बायका घेऊन पुढच्या डंपरपुढे आडवी झाली म्हणून निम्मं तरी उरलं. तिसऱ्या दिवशी मर्लिन रजा टाकून आली, झकास भाषेत एक निवेदन लिहिलं आणि पेपरला पाठवलं. पेपरात नाव कुणाचं आलं? मर्लिनचं. सालोमीचा उल्लेख होता, नाही असं नाही. 'आणि इतर महिला' यात होता.

जुलैत पंचायतीची निवडणूक झाली. सरपंचपद पहिल्यांदाच बाईसाठी राखीव. निवडून आलेल्या नऊजणांत बायका तीन, त्यातली एक आधीच म्हणाली होती की मला सहीसुद्धा करायला लावू नका. उरल्या दोघी. सालोमीचं वय सेहेचाळीस, सातवी पास, आळीतल्या प्रत्येक घराची चूल ओळखणारी. मर्लिन बत्तीसची, बी.कॉम., होळी गावच्या मास्तरांची मुलगी, आठ वर्षांपूर्वी एरॉलशी लग्न करून आळीत आलेली. मतं पडली पाच विरुद्ध चार. पाचवं मत पास्कलचं, जो पुढे उपसरपंच झाला. वर तो सालोमीच्या अंगणात येऊन सांगून गेला, "सालोमी, कामाची तूच. पन साहेबासमोर बोलायला मर्लिन बरी."

हे वाक्य सालोमीच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं ते अडकलंच. भात गिळून काटा उतरतो म्हणतात. महिनाभर भात गिळला, उतरला नाही.

आणि ऑगस्टच्या बारा तारखेला, संध्याकाळी, हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन सरपंचबाई स्वतः तिच्या ओट्यावर हजर झाल्या.

"सालोमी काकी, एक काम होतं. तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही."

मर्लिनने पिशवीतून लाल चौकड्यांचं लुगडं काढलं. जुन्या विणीचं, डांबरगोळ्यांच्या वासाचं. तिच्या मेलेल्या सासूचं. "पंधरा ऑगस्टला मला हे नेसून झेंडावंदन करायचंय. पन्नासावं वर्ष आहे ना, तहसील ऑफिसातून साहेब येणार, पेपरवाले येणार. म्हटलं आपल्या आज्या नेसायच्या तेच नेसावं. आयडिया कशी वाटली?"

सालोमीच्या कानशिलात रक्त चढलं. कशी वाटली म्हणजे? आयडिया सालोमीचीच होती! प्रचाराच्या दिवसांत दोघी बांधावर बसून चहा पीत होत्या तेव्हा तिने स्वतःच्या तोंडाने मर्लिनला सांगितलं होतं, "मी सरपंच झाले ना, तर आयचं लुगडं नेसून झेंडा चढवीन. साहेबलोकांना दिसू दे, या गावाच्या अंगावर पन काही होतं." तेव्हा ही बया डोळे मोठे करून म्हणाली होती, "वॉव, काकी!" खुर्ची नेली ती नेली, आता लुगडंही निघालं. मुंज्याने पिंपळ धरावा तसं हिने आपलं नशीबच धरलंय, असं सालोमीला वाटलं.

कहर म्हणजे मर्लिनला ते आठवतही नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर चोरीची एक रेघ नव्हती. मोठ्या माणसांचं हे असंच असतं. दुसऱ्याचं घेतलेलं त्यांना आपलंच वाटायला लागतं आणि मग ते आपल्यालाच उदारपणे दाखवतात.

"छान आहे," सालोमी म्हणाली. "ये शुक्रवारी. नेसवते."

तिच्याशिवाय जमणार नव्हतं हे मात्र खरं. सालोमीची आई सगळ्या आळीची नेसवणारी होती. लग्नाची मुलगी असो की शवपेटीत ठेवायची म्हातारी, लुगडं नेसवायला हाक तिलाच. आता लुगडं रोज नेसणाऱ्या सात-आठ म्हाताऱ्या उरल्या होत्या. त्यांना स्वतःचं नेसता यायचं, डोळे मिटून यायचं, पण दुसरीच्या अंगावर चढवायला हात चालत नसत. दुसरीला नेसवायची कला एकट्या सालोमीकडे होती. स्वतः ती सहावारी नेसायची. आईचं लुगडं पेटीच्या तळाशी होतं, त्या एका सकाळची वाट बघत.

मधले दोन दिवस तिने ते पेटीतून काढलं नाही. एकदा झाकण उघडून नुसता हात लावला.

पंधरा ऑगस्टला आपल्याकडे दोन सण एकाच दिवशी येतात. मारियामातेच्या स्वर्गारोहणाची मिस्सा आणि झेंडावंदन. सहाची मिस्सा संपवून मर्लिन तशीच सालोमीकडे आली. बाहेर एरॉल स्कूटर चालू-बंद करत उभा. साडेआठला झेंडा.

सालोमीने दार लावलं, तिला चटईवर उभं केलं आणि कमरेला गाठ मारली. हात आपोआप चालू लागले. निऱ्या, कासोटा, पोटरीवर बरोबर येणारा काठ. मर्लिनला ते शोभून दिसत होतं, हे कबूल करावं लागेल. लाल चौकडीत तिचा रंग उजळला होता आणि ती अचानक आळीची वाटू लागली होती. सालोमीला तेच सहन होईना. काम चांगलं होत गेलं तशी ती जास्त जास्त जळत गेली.

"काकी, तुम्ही पण पुढे या हं फोटोला," मर्लिन आरशात बघत म्हणाली. "माझ्या मागे उभ्या राहा. आणि खरं सांगू? बरं झालं हे तुम्ही स्वतः नेसून नाही केलं. तुम्ही लाजल्या असता. हे कॅरी करता आलं पाहिजे ना."

तिच्या मनात वाईट काही नव्हतं. असतं तर सालोमीने कदाचित सोडूनही दिलं असतं.

फक्त पदर उरला होता. पाठीवरून पुढे घेऊन त्याचं टोक कमरेला खोचायचं, झालं. आता या खोचेची एक गंमत आहे. दुसऱ्या गावांत असेल नसेल, पण बावखलआळीत नवरा हयात असलेली बाई टोक डावीकडे खोचते. सालोमीची आई म्हणायची, काळीज डावीकडं, मालक तिकडं. आणि नवरा मातीआड झाला की मिस्सेहून आल्यावर नेसवणारी स्वतःच्या हाताने ती खोच काढते आणि उजवीकडे खोचते. कुणी बोलत नाही, कुणी रडत नाही. खोच बदलली की सगळ्या आळीला कळतं. सहावारीवाल्या नव्या सुनांना हे माहीत असायचं कारण नव्हतं. होळीच्या मास्तरांच्या मुलीला तर नाहीच.

सालोमीने पदराचं टोक हातात घेतलं. डावीकडे नेलं. क्षणभर थांबली. मग उजवीकडे नेऊन घट्ट खोचलं, अंगठ्याने आत दाबून.

"झालं," ती म्हणाली. "जा. उशीर होईल."

स्कूटर गेली. नवऱ्याच्या मागे बसून, नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून, मर्लिन विधवेचं लुगडं नेसून झेंडा चढवायला गेली. सालोमीने तांब्याभर पाणी एका दमात प्यायलं. तिला फार बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलायचं?

पंचायतीच्या पटांगणात दोनशे माणसं होती. पाऊस नुकताच थांबला होता. मिस्सेहून आलेल्या म्हाताऱ्या पांढऱ्या ओली, म्हणजे देवळात अंगावर घ्यायच्या त्यांच्या चादरी, घडी करून हातावर टाकून पुढच्या बाकावर बसल्या होत्या. तहसिलातून आलेले साहेब खुर्चीवर, पास्कल त्यांच्या शेजारी, फोटोग्राफर चिखलात पाय सांभाळत. मर्लिन आली तशा टाळ्या पडल्या. नवे लोक, इमारतीतले लोक, सगळे वा वा करत होते.

पुढच्या बाकावर मात्र टाळी पडली नाही. सालोमी आंब्याखाली उभी राहून त्या बाकाकडेच बघत होती. आधी एका म्हातारीचं लक्ष गेलं. तिने दुसरीला कोपर मारलं. दुसरीने चष्मा लावला. मग माना एकीकडून दुसरीकडे वळत गेल्या आणि सगळ्या नजरा झेंड्याच्या दोरीपासून एरॉलपर्यंत गेल्या. एरॉल धडधाकट उभा, कपाळावरचा घाम पुसत. कुणीतरी फिस्सकन हसलं. कुणीतरी छातीवर क्रूस काढला.

झेंडा चढला, राष्ट्रगीत झालं. मर्लिन भाषणाला उभी राहिली आणि तेव्हा ती कुजबुज तिच्या कानावर गेली. तिने बाकाकडे पाहिलं. शब्द अडखळला. तिने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा पाहिलं, आणि हात नकळत पदराकडे गेला. काहीतरी चुकलंय एवढं तिला कळलं. काय चुकलंय ते कळलं नाही. तिचा चेहरा उतरला. तिने दोनशे माणसांतून नेमकं सालोमीला शोधलं आणि तिच्याकडे बघितलं, मदतीसाठी.

याच क्षणाची सालोमीने तीन दिवस वाट पाहिली होती. आला तर तो नासलेल्या दुधासारखा निघाला. ती नजर तिला झेपेना.

तेवढ्यात मार्गारेट आजी उठली. वय पंच्याऐंशी, कमरेत वाकलेली, आळीत वयाने सगळ्यांत मोठी. सालोमीच्या आईची मैत्रीण. ती काठी टेकत माइकपाशी गेली. साहेबांना वाटलं म्हातारी आशीर्वाद द्यायला आली, ते कौतुकाने सरकले. आजीने मर्लिनची खोच जवळून पाहिली. मग वळून सरळ आंब्याखाली पाहिलं.

"साहेब, तुम्हाला नाय कळनार, म्हनून सांगते," आजी माइकमध्ये म्हणाली, गरजेपेक्षा बरीच मोठ्याने. "आमच्या आळीत बाई उजवीकडं खोचते ती घरातलं मानूस गेल्यावर. आमची सरपंच उजवीकडं खोचून आली. का आली? तिचा मालक हा काय उभा आहे, चांगला धडधाकट. मग मेलं कोन? आमचं बावखल मेलं. त्या पान्याने आम्ही पोरं वाढवली. त्याच्यावर माती टाकली, आन त्याचा दुखवटा कोनी धरला नाय. या पोरीने धरला."

पुढच्या बाकावरची हसणारी म्हातारी डोळ्याला पदर लावून बसली. त्या बाकावरच्या बहुतेकजणी आधीच उजवीकडच्या होत्या. त्यांना करण्यासारखं काही नव्हतं. पण विनी नावाची एक होती, तिचा नवरा फ्रान्सिस तिच्या मागेच उभा होता. ती उठली, सगळ्यांदेखत डावीकडची खोच उपसली आणि उजवीकडे खोचली.

"अगो, मी जिता आहे!" फ्रान्सिस ओरडला.

"गप ऱ्हा," विनी म्हणाली. "तुझ्यासाठी नाय."

लोक हसले आणि त्याच हसण्यात रडले. मर्लिन? मर्लिनने आजीचं बोलणं ऐकलं, एक श्वास घेतला, आणि लिहून आणलेला कागद घडी करून मुठीत धरला. मग बोलली ती फक्त बावखलावर. एवढं चांगलं ती कधी बोलली नव्हती. साहेबांनी वहीत टिपून घेतलं. फोटोग्राफरने खोचेचा जवळून फोटो काढला.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात. इथे तर मारुती करायला जाऊन गणपती झाला होता आणि आरतीचं ताट दुसरीच्या हातात होतं.

गर्दी पांगल्यावर आजीने सालोमीला गाठलं. काठी तिच्या पावलावर टेकवून उभी राहिली, म्हणजे पळता येऊ नये.

"माझा मालक गेला तेव्हा तुझ्या आयने माझी खोच बदलली," ती म्हणाली. "हात थरथरत होता तिचा. तुझा थरथरला का गो?"

सालोमीने पाऊल मागे ओढू पाहिलं, पण काठी हलली नाही.

"आज मी मर्लिनला नाय वाचवलं. तुला वाचवलं. तुझ्या आयचं नाव जाऊ नये म्हनून. ध्यानात ठेव."

त्या दिवसापासून सालोमीच्या मागे दोन भुतं लागली.

पहिलं भूत जुनंच, पण दुप्पट झालेलं. पेपरात फोटो आला, 'बावखलासाठी सरपंचांचा दुखवटा'. होळीहून, उमेळ्याहून बायका मर्लिनला बघायला येऊ लागल्या. महिला मंडळात ठराव झाला की बावखल मोकळं होईपर्यंत लुगडंवाल्या सगळ्या उजवीकडे खोचतील. लोक मर्लिनला विचारत, हे सुचलं कसं? मर्लिन खाली बघून हसायची. आणि सालोमी कोपऱ्यात बसून ऐकायची. तिच्या अंगठ्याने दाबलेली खोच! आयुष्यात एकदाच तिच्या हातून अख्ख्या तालुक्याने बघावं असं काही झालं, आणि ते माझं म्हणायची सोय नव्हती, कारण माझं म्हटलं की का केलं तेही सांगावं लागणार. स्वतःच्याच कर्तृत्वावर जळायची पाळी फार थोड्यांवर येत असेल.

दुसरं भूत नवं होतं, आणि ते स्कूटरवर बसून फिरायचं. एरॉल. जित्या नवऱ्याच्या बायकोला नेसवणारीने उजवीकडे खोचलं तर काय होतं, हे आईने कधी सांगितलं नव्हतं. असं कुणी करेल हेच त्या बाईला सुचलं नसणार. एरॉल सकाळी स्कूटर काढायचा तशी सालोमी अंगणात यायची. तो परत येईपर्यंत तिचं जेवणात लक्ष नसायचं. संध्याकाळच्या रोझरीत, म्हणजे जपमाळेत, तिने पाच नमो मारिया एरॉलसाठी वाढवल्या, मग दहा. एका रात्रीच्या जेवणाला थॉमसने महिनाभरातलं सगळ्यांत लांब वाक्य उच्चारलं: "मला वीस वर्षांत एक नमो मारिया नाही, आणि शेजाऱ्याला रोज दहा?"

फादरकडे कन्फेशनला, पाप कबूल करायला, ती दोनदा रांगेत उभी राहिली आणि दोन्ही वेळा मागच्या बाईला पुढे जाऊ देऊन घरी आली.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात खबर आली. उमेळ्याच्या वळणावर एरॉलची स्कूटर घसरली. सालोमी भाकरी तव्यावर टाकून, तशाच पिठाच्या हातांनी धावत सुटली. पोचली तेव्हा एरॉल ओट्यावर बसला होता, डावा हात प्लॅस्टरमध्ये, चहा पीत. मोडलं ते मनगट. तो म्हणाला, "काकी, तुम्ही का रडताय?"

मर्लिन आत होती. सालोमी सरळ स्वयंपाकघरात गेली, दार लोटलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. बांधावरचा चहा, माझी आयडिया, पास्कलचं बोलणं, कॅरी करता आलं पाहिजे, डावीकडून उजवीकडे नेलेला हात. "मी जळत होते गो," ती म्हणाली. "अजून जळते. तुझं हसं व्हावं म्हणून केलं. आणि आता याचा हात मोडला."

मर्लिनने गॅस बंद केला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने मनगटाने पुसलं. सालोमी थप्पड खायच्या तयारीने उभी होती. खरं तर तिला ती हवी होती.

"मी त्या दिवशी तुमच्याकडे बघितलं होतं," मर्लिन म्हणाली. "वाटलं काकी सांभाळून घेतील."

"ठाऊक आहे."

"आयडिया तुमची होती. आत्ता आठवलं. बांधावर. खरंच विसरले होते." मग तिचा आवाज बदलला. "आजीला माहीत आहे?"

"हो."

"आणखी कुणाला?"

"कुणालाच नाही."

"थॉमस काकांना?"

"नाही."

"बरं," मर्लिन म्हणाली. ती खिडकीतून बाहेर बघत होती, पण बघत काहीच नव्हती. तिच्या डोक्यात काहीतरी भराभर जुळत होतं. "शुक्रवारी ठाण्याला बोलावलंय. जिल्ह्याचे मोठे साहेब, सगळ्या सरपंचांचा सत्कार. बावखलाचा विषय तिथेच काढायचाय. मी लुगडं नेसणार. उजवीकडेच खोचा."

"अगो, वेडी का तू? आणि एरॉल?"

"एरॉल लायसन्स काढल्यापासून तिसऱ्यांदा पडलाय. दोनदा लग्नाआधी." मर्लिनने नाक ओढलं. "आता डावीकडे खोचलं तर बावखल जिवंत झालं का, असं पहिली विनी काकीच विचारेल. तुम्ही त्याच्यासाठी नमो मारिया म्हणताय ना? म्हणत राहा."

सालोमी तिच्याकडे बघतच राहिली. रडताना, दुखावलेली असताना, नवऱ्याचा हात प्लॅस्टरात असताना ही बाई आधी कुणाकुणाला माहीत आहे ते मोजते, आणि मग शुक्रवारचा विचार करते. आपण तिच्या जागी असतो तर? आपण कडाकडा भांडलो असतो, आळी गोळा केली असती आणि बावखल गेलं असतं ते गेलंच असतं. पास्कलचा काटा इतके दिवस अडकला होता तो आत्ता कुठे घशाखाली उतरला. जाताना खरडून गेला, पण उतरला.

"एक अट आहे," मर्लिन म्हणाली. तिच्या स्वरात आता गोडवा नव्हता. "तुम्ही पण यायचं. तुमच्या आईचं लुगडं नेसून. माझ्या शेजारी उभं राहायचं."

सालोमीच्या छातीत धडधडलं. आनंदानेच, लपवायचं कशाला.

"आणि तुमचं पण," मर्लिन म्हणाली, "उजवीकडे."

शुक्रवारी सकाळी सालोमीने आधी मर्लिनला नेसवून दिलं आणि मग घरी येऊन पेटी उघडली. आईचं लुगडं घडीवर थोडं विरलं होतं, रंग शाबूत होता. चटईवर उभी राहून ती स्वतःला नेसवत गेली. थॉमस दारात येऊन टेकला. वीस वर्षांत बायकोकडे तो असा बघत उभा राहिला नव्हता.

"चांगली दिसतेस," तो म्हणाला. थॉमसच्या मानाने हे भाषण होतं.

पदर पुढे आला. टोक हातात. हात सवयीने डावीकडे गेला, आणि तिथे थांबला. दारात थॉमस, पायाला वाडीचा चिखल, गालावर दोन दिवसांची दाढी. या माणसाला तिने आजवर एक नमो मारियासुद्धा दिला नव्हता. सालोमीचा हात थरथरू लागला. आईचा थरथरला होता तसाच असेल.

"अहो," ती म्हणाली, "आज वाडीत जाऊ नका. विहिरीवर वाकू नका. घरातच बसा."

"का?"

"सांगितलं ना, बसा."

आणि तिने उजवीकडे खोचलं.

शनिवारच्या पेपरात फोटो आला. मोठे साहेब मर्लिनला शाल देताहेत, मर्लिन हसतेय. खाली तिचं नाव, 'आणि इतर महिला'. सालोमी तिच्या मागेच होती. साहेबांच्या उचललेल्या हाताने तिचा चेहरा अर्धा झाकला गेला होता. तिने चष्मा लावून तो फोटो पुन्हा पुन्हा पाहिला. चेहरा अर्धा होता, पण खोच पूर्ण दिसत होती. मग तिने पेपर घडी करून पेटीत ठेवला आणि रोझरी काढली. आता वीस नमो मारिया म्हणायचे होते, पहिले दहा थॉमससाठी.